दात दिसायच्या आधी

१९९७ सालचा मार्च महिना होता. बँकेतल्या माणसाला मार्च म्हटले की वसुलीखेरीज दुसरे काही सुचत नाही. मीही त्याच कामासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात हिंडत होतो. वाटेत एका खेड्यातल्या जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर चहाला थांबलो. दहा वर्षांपूर्वी मी त्याच भागातल्या शाखेत अधिकारी होतो आणि याच्या बोअरवेलचे कर्ज माझ्या सहीने मंजूर झाले होते. कर्ज त्याने वेळेवर फेडले होते, त्यामुळे गप्पा मोकळ्या होत्या. चहा घेऊन आला तो त्याचा नऊ वर्षांचा मुलगा. मी काहीतरी थट्टा केली, तो हसला आणि पटकन ओठ मिटून घेतले. तेवढ्यात दिसायचे ते दिसले. पुढचे दात खडूसारखे निस्तेज पांढरे आणि त्यांवर काताच्या रंगाचे आडवे पट्टे.

‘दात घासत नाहीस का रे?’ मी विचारले. आज तो प्रश्न आठवला की लाज वाटते. मुलगा आत पळाला. बाप म्हणाला, ‘मिसरी लावत असंन म्हून मास्तरनं बी दोनदा झोडपला, सायेब. दुधाचे दात मोत्यावानी होते पोट्ट्याचे. नवे आले अन् हे असे.’

त्या भागातल्या काही गावांच्या पाण्याबद्दल तोवर माझ्या कानावर आले होते. मी भीतभीतच म्हटले, पाण्याचे तर काही नसेल ना? बाप जरासा दुखावला. बोअरवेल त्याच्या अभिमानाची गोष्ट होती. ‘पान्याचं असतं तं त्याच्या बहिणीले नसतं झालं? थे बी तेच पानी पेते.’ बहीण दाराशीच उभी होती, सोळा वर्षांची. तिचे दात खरोखरच पांढरेशुभ्र होते.

मुद्दा बिनतोड होता. एकच घर, एकच माठ, एकच चूल. मी मान डोलावली, चहा संपवला आणि पुढच्या गावाला निघालो. त्या बिनतोड मुद्द्यात चूक कुठे होती हे कळायला मला बरीच वर्षे लागली. कळले तेही अचानकच. एका कादंबरीत मला दंतवैद्याचे पात्र आणायचे होते, म्हणून एका डॉक्टर मित्राकडून दातांच्या सूक्ष्म रचनेवरचे एक जाडजूड पुस्तक आणले. ते पात्र दुसऱ्या खर्ड्यातच गळाले. पुस्तक मात्र राहिले, आणि त्यातले एक प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही. इनॅमल कसे तयार होते, एवढाच त्याचा विषय.

इनॅमल म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे पांढरा, निळ्या काठाचा, टवके उडालेला मग येतो. त्या मगावरचे इनॅमल आधी भांडे, मग वरून लेप, मग भट्टी अशा क्रमाने चढते. दाताच्या इनॅमलविषयी, म्हणजे मराठी पुस्तकातल्या दंतवल्काविषयी, माझी समजूत तशीच होती. दात उगवतो, त्यावर एक चकचकीत मुलामा असतो, निगा राखली तर तो टिकतो, नाही राखली तर खराब होतो. त्या बापाची, त्या मास्तरांची आणि माझी, तिघांचीही समजूत हीच. चूक ‘उगवतो’ या शब्दात आहे. रोप जसे वर येता येता वाढते तसा दात वाढत नाही. त्याचा जो भाग पुढे आपल्याला दिसतो तो हिरडीखाली, जबड्याच्या हाडातल्या एका कोनाड्यात, अंधारात पूर्ण घडतो आणि मग वर सरकतो. मूळ मागाहून पूर्ण होते. हिरडीतून दाताचे टोक डोकावते त्या दिवशी त्याच्या इनॅमलचे काम संपून बराच काळ लोटलेला असतो आणि ते काम करणाऱ्या पेशी उरलेल्या नसतात.

या पेशींना अमेलोब्लास्ट म्हणतात. गर्भ सहा आठवड्यांचा असतानाच तोंडाच्या अस्तराची एक पट्टी जबड्यात खाली उतरू लागते आणि तिच्यावर दातांच्या कळ्या धरतात. कळी वाढत वाढत घंटेच्या आकाराची होते. तिच्या आतल्या बाजूच्या पेशी आधी डेंटिनचा, म्हणजे दाताच्या गाभ्याचा, पातळ थर देतात. तो पडला की त्याच्यासमोर रांगेने उभ्या असलेल्या अमेलोब्लास्ट कामाला लागतात. त्या डेंटिनकडे तोंड करून स्राव सोडतात आणि सोडत सोडत मागे सरकतात. शेणाने घर सारवणारी बाई जशी भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरत दाराशी येते, तसे. फरक एवढाच की ही बाई जाईल तिथे मागे एक सलग दांडा उभारत जाते. असे लाखो दांडे शेजारी शेजारी उभे राहिले की इनॅमल. वेग दिवसाला सरासरी ४ मायक्रॉन. आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी गाठायलाच दोन-अडीच आठवडे लागावेत. दाढेच्या शिखरावर इनॅमलची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत असते. हिशेब केला तर सहाशेच्या वर दिवस होतात. माझ्या हिशेबी मनाला हा आकडा फार भावला.

पण इतक्या मेहनतीने जे रचले जाते ते सुरुवातीला दगडासारखे कठीण अजिबात नसते. खरवसासारखे असते. त्यात प्रथिन भरपूर, आणि त्या प्रथिनातला नऊ-दशांश भाग अमेलोजेनिन नावाच्या एकाच प्रथिनाचा. त्याच्या आधाराने खनिजाचे अतिशय बारीक, फितीसारखे स्फटिक उभे असतात. मधे मोकळी जागा पुष्कळ. मग दुसरा टप्पा येतो आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ या टप्प्यालाच लागतो. याच पेशी आता आपले काम बदलतात. विशिष्ट विकरे सोडून त्या प्रथिनाचे तुकडे करतात, तुकडे बाहेर ओढून घेतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत कॅल्शियम व फॉस्फेट पुरवत राहतात. स्फटिक जाड होत होत एकमेकांना भिडतात. स्फटिक वाढताना आम्ल तयार होते, ते मारण्यासाठी पेशी मधूनमधून बायकार्बोनेटही सोडतात. घर बांधलेल्या माणसाला हे लवकर समजेल. सेंटरिंगच्या फळ्या ठराविक मुदतीत निघाल्या पाहिजेत. इथे तर फळ्या निघाल्याशिवाय काँक्रीटच पुरते भरत नाही.

काम संपते तेव्हा वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तयार झालेला असतो. या पेशींपैकी साधारण पाव हिस्सा टप्पा बदलतानाच मेलेला असतो, आणखी पाव हिस्सा दुसऱ्या टप्प्यात मरतो. उरलेल्यांचे दातावर एक पातळ पांघरूण होते आणि दात तोंडात येताना तेही नाहीसे होते. मोडलेले हाड सांधते, कारण हाडात जिवंत पेशी असतात. डेंटिनच्या मागेही जन्मभर पेशी जाग्या असतात. इनॅमलमध्ये पेशी नाही, रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. लाळेतले खनिज पृष्ठभागावरची थोडीफार झीज भरून काढते, पण नवे इनॅमल कोणी घडवत नाही. बँकेत खतावणीत चुकीची नोंद पडली तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद करून हिशेब सरळ करता येतो. इथे खतावणी लिहिणारा कारकूनच राहिलेला नसतो.

आता वेळापत्रक. ते नीट पाहिले तर त्या ओसरीवरचे कोडे आपोआप सुटते. दुधाच्या दातांत खनिज धरायला गर्भाच्या चौथ्या महिन्यापासून सुरुवात होते. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या पुढच्या दुधाच्या दातांचे इनॅमल बहुतेक तयार असते, आणि वर्षभराच्या आत सगळ्याच दुधाच्या दातांचे होते. म्हणजे ते मुख्यतः आईच्या पोटात आणि तिच्या अंगावरच्या दुधावर घडलेले असतात. कायमच्या दातांपैकी पहिली दाढ, जी सहाव्या वर्षी मागच्या बाजूला गुपचूप येते आणि जिला अनेक आईबाप दुधाचीच समजतात, तिचे काम जन्माच्या सुमारास सुरू होते व तिसऱ्या वर्षापर्यंत आटोपते. पुढच्या मधल्या दातांचे काम तीन-चार महिन्यांचे बाळ असताना सुरू होते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी संपते. वरच्या जबड्यातल्या त्यांच्या शेजारच्या दातांची सुरुवात दहा-बारा महिन्यांची. दुसरी दाढ सातव्या-आठव्या वर्षी पूर्ण होते. अक्कलदाढेचे सोडले तर आठव्या वर्षी इनॅमलचा कारखाना बंद. पोर पालथे पडते, रांगते, पहिले पाऊल टाकते, त्या दिवसांत त्याच्या म्हातारपणापर्यंत पुरायचे दात हिरडीखाली घडत असतात. आपण मात्र तेव्हा दुधाचे दात मोजून कौतुक करत असतो.

या काळात बाळाला जे होते ते इनॅमलमध्ये राहून जाते. सूक्ष्मदर्शकाखाली इनॅमलच्या कापात झाडाच्या खोडातल्यासारख्या रेषा दिसतात. स्वीडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी १८३७ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. दोन रेषांमधे साधारण आठवडाभराचे अंतर असते. दुधाच्या दातांत आणि पहिल्या कायमच्या दाढेत एक रेषा अधिक ठळक असते, ती जन्माची. पोटातून बाहेर येण्याचा धक्का त्या पेशींनाही बसतो. दीर्घ ताप, उपासमार, गोवरासारखे आजार यांनी काम रेंगाळले तर तेवढ्या पट्ट्यात इनॅमल पातळ राहते, खळगे पडतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, घरांच्या जमिनीखाली, रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांचे दात तपासले, तेव्हा दुधाच्या दातांच्या इनॅमलमध्ये असेच दोष आढळले. त्या मुलांची नावे नाहीत, भाषा ठाऊक नाही, पण त्यांचे बाळपण किती खडतर होते याचा पुरावा राहिला आहे. आमच्या पिढीच्या कित्येकांच्या दातांवर पिवळट-करडी झाक असते, तीही अशीच बाळपणीची. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घडत्या दातात जाऊन बसते, म्हणून आज ते गरोदर स्त्रीला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला देणे शक्यतो टाळतात.

आता त्या पट्ट्यांकडे वळतो. फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज गावी व्यवसाय करायला गेला आणि तिथल्या लोकांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. गावात कारणे अनेक सांगितली जात. पुढे जी. व्ही. ब्लॅक या त्या काळच्या मोठ्या दंततज्ज्ञाने १९०९ पासून त्याच्याबरोबर काम केले. त्यांच्या ध्यानात आले ते असे, की हे डाग त्या गावात लहानाच्या मोठ्या झालेल्यांनाच होते. दात पक्के झाल्यावर तिथे राहायला आलेल्यांना ते होत नसत. आयडाहो राज्यातल्या ओकली गावात एका झऱ्याचे पाणी नळाने आणल्यापासून मुलांना डाग पडू लागले होते. मॅकेने पाणी बदलायचा सल्ला दिला. १९२५ मध्ये गावाने तो मानला. आधीच्या मुलांचे डाग तसेच राहिले, नंतरच्या मुलांचे दात स्वच्छ आले. पाण्यातला दोषी घटक फ्लोराइड आहे हे एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने १९३१ मध्ये शोधले. भारतात मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडमुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. मी ते कर्ज मंजूर केले १९८७ मध्ये. म्हणजे माझी सही झाली तेव्हा ही माहिती आपल्या देशात पन्नास वर्षे जुनी झाली होती.

बहीण १९८१ची. बोअरवेल लागली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या पुढच्या दातांचे इनॅमल गावातल्या जुन्या, उघड्या विहिरीच्या पाण्यावर घडून तयार झाले होते. वरून नंतर किती का बोअरचे पाणी जाईना, पुढच्या दातांवर पट्टे यायचे नव्हते. भाऊ १९८८चा. त्याच्या पुढच्या दातांच्या इनॅमलचा एकूण एक दिवस बोअरच्या पाण्याचा. दुधाचे दात मोत्यांसारखे होते तेही बरोबरच; ते बहुतांशी आईच्या आडोशाने घडले होते. बाप सांगत होता ते शब्दन् शब्द खरे होते आणि त्यातून काढलेला निष्कर्ष पूर्ण चुकीचा होता.

फ्लोराइड काय करते? जास्त झाले की दुसऱ्या टप्प्यात खोडा घालते. प्रथिन वेळेवर निघत नाही, फळ्या आतच अडकून राहतात आणि स्फटिकांना भरायला जागा मिळत नाही. इनॅमल पृष्ठभागाखाली सच्छिद्र राहते, म्हणून खडूसारखे दिसते. दात तोंडात आल्यावर त्या छिद्रांत अन्नपाण्यातले रंग मुरतात, तेव्हा पांढऱ्याचे तपकिरी होते. ते घासून जाणार कसे? मास्तरांच्या छडीने तर नाहीच.

कर्जाचा तो अर्ज मला अजून आठवतो. सातबारा, आठ-अ, इतर संस्थांचे बेबाकी दाखले, कोटेशन, गहाणखत. मग बोअरची खोली किती फूट, केसिंग किती, पाणी किती इंच लागले, मोटार किती हॉर्सपॉवरची, किती एकर भिजणार, वाढीव उत्पन्नातून हप्ता निघतो का. पाण्यात काय आहे, असा रकाना नव्हता. का असावा, ते तर ओलिताचे कर्ज होते. पण शेतातल्या घरात बोअर असली की बाई घागर घेऊन अर्धा मैल विहिरीवर कशाला जाईल? दुष्काळाची वर्षे होती, उघड्या विहिरी तळाला गेल्या होत्या, जो तो खोल जात होता. आणि खोल खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असण्याचा संभव अधिक. यातली मेख अशी, की असे पाणी पुष्कळदा कॅल्शियम कमी असलेले, मऊ असते. ते वाईट लागत नाही, वास येत नाही, दिसायला नितळ. तपासणीला गेलो तेव्हा घरची बाई कौतुकाने म्हणाली होती, ‘या पान्यात डाय बी लौकर शिजते, सायेब.’ मी तपासणी अहवालात ‘काम समाधानकारक’ असे लिहिले.

हे कबूल करून झाल्यावर माझे जे म्हणणे आहे ते सांगतो. या प्रश्नावर काम होत नाही असे नाही. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. जलजीवन मिशन २०१९ मध्ये आले. २०२० मध्ये शाळा व अंगणवाड्यांना नळ देण्याची मोहीम निघाली. गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. फ्लोराइड काढायची ‘नालगोंडा पद्धत’ तर आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली. तुरटी आणि चुना मोजून घालायचा, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा. (घागरीत तुरटीचा खडा दोनदा फिरवणे म्हणजे ही पद्धत नव्हे, हे सांगून ठेवतो.) माझी तक्रार क्रमाची आहे. आपण दात पाहायला शाळेत जातो. मुले रांगेने उभी करतो, आ करायला लावतो, डाग मोजतो. शाळेतली ही मोजणी म्हणजे पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पाण्याचा ताळेबंद आहे. कोणत्या गावचे पाणी वाईट हे हुडकायला ती उपयोगी आहे, जरूर करावी. पण ज्याचे दात मोजले त्याच्या पुढच्या दातांसाठी आता काही करता येत नाही. त्यानंतर गावात शुद्ध पाण्याचे यंत्र बसवून पहिला नळ शाळेला जोडतो आणि फोटो काढतो. शाळेतल्या मुलांच्या हाडांसाठी ते पाणी हवेच. फ्लोराइड दातांवर थांबत नाही, वर्षानुवर्षे घेतले तर पाठीचा कणा आणि सांधेही आखडतात. पण पाणी सगळ्यांना पुरत नसेल, आणि खेड्यात ते बहुधा पुरत नाही, तर पहिली घागर ज्या घरात रांगते मूल आहे त्या घरी गेली पाहिजे.

पुढच्या दातांना सर्वांत जपायचा काळ पहिल्या तीन वर्षांचा. हे मूल शाळेत नसते आणि अंगणवाडीतही दिवसभर नसते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकाला अंगणवाडीतून पोषण आहाराची कोरडी पाकिटे घरी मिळतात. पाकिटावर काय काय आहे ते छापलेले असते. ते शिजते घरच्या पाण्यात. पाकीट देणाऱ्या ताईंनीच त्या घरच्या पाण्याचा आकडा विचारला तर किती सोपे होईल! भारतीय मानकानुसार, २०१२च्या सुधारित आवृत्तीप्रमाणे, लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर वजनाशेजारी हा एक आकडा लिहायला जागा फार लागत नाही.

दुसरी गोष्ट उकळण्याची. आपण दोन पिढ्या आयांच्या कानीकपाळी ओरडलो, बाळाचे पाणी उकळून द्या. जंतूंसाठी ते बरोबरच आहे. पण उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि फ्लोराइड तेवढेच राहते, म्हणजे उलट दाट होते. जी आई जास्त काळजीपूर्वक उकळते तिच्या बाळाला कणभर अधिकच मिळते. आणि तिसरी गोष्ट ऐकून मी थक्क झालो होतो. आई भरपूर फ्लोराइडचे पाणी पीत असली तरी तिच्या अंगावरच्या दुधात ते नाममात्रच उतरते. निसर्गाने गाळणी आधीच बसवून ठेवली आहे. वरचे दूध पाणी घालून, किंवा डब्यातली पूड पाण्यात कालवून सुरू केली की ही गाळणी निघून जाते. स्तनपानाचे इतके फायदे भिंतींवर रंगवलेले वाचतो, हा कुठे रंगवलेला मी तरी पाहिलेला नाही. ज्या तालुक्यांत पाण्यात फ्लोराइड आहे तिथे तो पहिल्या ओळीत हवा.

शहरातल्या वाचकाने यावरून फ्लोराइडच्या टूथपेस्टची नळी खिडकीबाहेर फेकू नये. दात तोंडात आल्यावर हेच फ्लोराइड पृष्ठभागाला किडीविरुद्ध मदत करते; मॅकेच्या डागाळलेल्या दातांनाही कीड कमी लागत असे. प्रमाणाचा आणि वेळेचा प्रश्न आहे. लहान मुलाला जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पेस्ट न देता तांदळाच्या दाण्याएवढी द्यावी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, आणि गिळू देऊ नये, इतकेच. शहरी मुलांच्या दातांची दैना साखरेने होते. तो वेगळा विषय आहे आणि माझा नातू तो विषय माझ्यापुढे रोज मांडत असतो.

२०२४च्या डिसेंबरात एका लग्नासाठी त्या भागात जाणे झाले. मुद्दाम वाट वाकडी करून त्या घरी गेलो. म्हातारा मागेच गेला. मुलगी लग्न होऊन वर्ध्याकडे आहे. मुलगा छत्तीस वर्षांचा झाला आहे, शेती चांगली करतो. मिशा दाट आणि खाली उतरलेल्या ठेवल्या आहेत, आणि बोलताना उजव्या हाताची मूठ सहज तोंडापाशी जाते. मी त्याला ओळखलेच नसते, त्याने मला ओळखले. बोअर अजून चालू आहे. गावात ग्रामपंचायतीचे पाणी शुद्ध करायचे यंत्र आहे, कार्ड टाकले की पाच रुपयांत वीस लिटरचा कॅन भरतो. मला त्याच कॅनचे पाणी दिले. ओसरीवर त्याची अकरा महिन्यांची मुलगी पितळी डबा आपटत होती.

तिला कोणते पाणी देता, असे मी विचारले. तो म्हणाला, बोअरचे, उकळून. कॅनचे पाणी थंड असते, तिला सर्दी होते. चुलीवर पातेले चढलेलेच होते. दुधात घालायचे पाणी त्यात खळखळत होते.

मी त्याला सगळे सांगितले. इथे लिहिले आहे त्यापेक्षा थोडक्यात, पण बहिणीचे आणि त्याचे जन्मसाल मांडून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हंजे मी मिसरी लावत नव्हतो, हे तुमाले आता समजलं?’

‘हो,’ मी म्हणालो.

‘कॅनचं पानी कोमट करून देल्लं तं चालते?’

‘चालते. तेच द्यायचे. जेवणही तिचे त्यातच शिजवायचे.’

‘किती दिवस?’

‘आठ वर्षांची होईपर्यंत तरी.’

त्याने आत बघून बायकोला हाक मारली. तिने पातेले उतरवले, पाणी मोरीत ओतले आणि कॅनची तोटी उघडली.